मातीखालचा वाळा

तिमोर बेटाच्या पूर्व भागात तिमोर-लेस्ते नावाचा छोटा देश आहे. तिथल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची पाहणी करताना मार्क ओ'शे, हिनरिक काइझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक भेक सापडला. पावसाळ्यात आपल्या अंगणात दिव्याखाली किडे टिपायला येऊन बसतो तोच, खडबडीत अंगाचा भेक. त्याच्या गुदद्वारातून काहीतरी काळपट वळवळत बाहेर येत होते. पाहणाऱ्यांना आधी तो जंत वाटला असता तर नवल नव्हते. पण तो साप होता आणि तो जिवंत होता. भेकाने त्याला सबंध गिळले होते. जठरातले आम्ल, आतड्यातले पाचकरस आणि हवेचा जवळजवळ अभाव, या सगळ्यांतून तो दुसऱ्या टोकाने बाहेर पडला. पुढे काही तासांनी तो मेला, पण भक्षकाच्या पोटातून असा आरपार जिवंत निघालेला साप त्याआधी कोणी नोंदवलेला नव्हता. ही नोंद २०१३ साली प्रसिद्ध झाली.

हा साप परका नाही. आपण त्याला वाळा म्हणतो. शास्त्रीय नाव इंडोटायफ्लॉप्स ब्रॅमिनस. लांबी साधारण १० ते १७ सेंटीमीटर, जाडी दोन-तीन मिलिमीटर, रंग काळा, तपकिरी किंवा जांभळट. कुंडी हलवली की तिच्या बुडाखाली, शेणखताच्या ढिगात, ओल्या पालापाचोळ्याखाली, कुजक्या लाकडाखाली आणि पावसाळ्यात कधीकधी मोरीच्या जाळीतून वर आलेला तो दिसतो. बहुतेक लोक त्याला गांडूळ समजून सोडून देतात. ज्यांना तो साप आहे हे कळते, ते बहुधा चप्पल उचलतात. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्यावर पुष्कळ लिहिले जाते आणि ते योग्यच आहे, कारण तो माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण केवळ प्राणी म्हणून पाहायचे झाले, तर माझ्या मते आपल्या परिसरातला सर्वांत विलक्षण साप हा बोटभर वाळाच आहे.

वाळा हाती लागला तर पांढऱ्या ताटलीत थोडी ओलसर माती घालावी, त्यावर त्याला ठेवावे आणि भिंग घेऊन बसावे. गांडुळाशी त्याचे नाते नाही हे लगेच कळते. गांडूळ लांबते आणि आखडते, वाळ्याची लांबी बदलत नाही. तो अंग बाजूंना वळवत पुढे सरकतो. गांडुळाचे अंग वलयांचे आणि ओलसर चिकट असते, वाळ्याचे कोरडे आणि तेल लावल्यासारखे चकचकीत. ती चकाकी खवल्यांची. अंगाभोवती खवल्यांच्या वीस ओळी असतात आणि त्या पाठीला, पोटाला, बाजूंना अगदी सारख्या. इतर बहुतेक सापांना पोटाखाली रुंद पट्ट्यांसारखे खवले असतात, ते जमिनीला रोवून साप पुढे जातो. वाळ्याला ते नाहीत. चहूबाजूंनी मातीच असेल तर वर-खाली असा भेद ठेवून उपयोग काय? म्हणूनच गुळगुळीत फरशीवर पडला की तो जागच्या जागी वळवळत राहतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की चवताळला आहे.

डोके कुठे आणि शेपूट कुठे हे ओळखायला थोडा वेळ लागतो. दोन्ही टोके बोथट असतात. नीट पाहिले की एका टोकातून बारीकशी दुभंगलेली जीभ आतबाहेर होताना दिसते. ते डोके. त्यावर दोन काळे ठिपके असतात, ते डोळे. डोळ्यांवर पारदर्शक खवला पसरलेला असतो, त्यामुळे माती आत जात नाही. तोंड अगदी लहान आणि नाकाडाच्या खालच्या बाजूला, थोडे मागे असते. माती रेटताना तोंडात माती जाऊ नये अशी ही सोय आहे. कवटीची हाडे इतर सापांपेक्षा घट्ट जोडलेली असतात, कारण डोके हीच त्याची पहार. नागासारखे जबडे विस्फारून मोठे भक्ष्य गिळणे त्याला जमत नाही.

दुसऱ्या टोकाला, शेपटीच्या शेवटी, एक बारीक काटा असतो. पकडला की वाळा तो काटा बोटाला टेकवतो. कातडीला जरासे टोचल्याची जाणीव होते, इतकेच. या काट्यामुळेच तो शेपटीने डंख मारतो असा समज पसरला. काट्यात विष नाही, विषाची पिशवी नाही आणि तो कातडीत घुसतही नाही. मातीत पुढे रेटा देताना शेपूट रोवायला तो उपयोगी पडतो. तोंडानेही वाळा माणसाला चावू शकत नाही. त्याचे तोंड आपल्या बोटाची कातडी पकडण्याइतके उघडतच नाही. फार त्रास दिला तर तो घाण वासाचा स्राव सोडतो. त्याच्याकडचे संरक्षण एवढेच. झोपलेल्या माणसाच्या कानात वाळा शिरतो ही भीती मात्र अनेक ठिकाणी अजून टिकून आहे. जमिनीवर झोपण्याची पद्धत आणि अंधारात ओल्या जागी फिरणारा बारीक साप, यांतून ती जन्मली असावी. त्याचे अन्न मुंग्या-वाळवीच्या वारुळात असते. माणसाच्या कानात त्याच्या कामाचे काहीही नाही.

शरीराच्या आतही अशीच काटकसर आहे. वाळ्याच्या कुळातल्या सापांना डावे फुप्फुस जवळजवळ नसते, मादीला डावी अंडनलिकाही नसते. दोन-तीन मिलिमीटरच्या नळीत जोडीजोडीने अवयव मांडायला जागा नाही, म्हणून एकेकावर भागवले आहे. उलट कमरेच्या हाडांचे अवशेष मात्र या गटातल्या पुष्कळ जातींत टिकून आहेत. सापांचे पूर्वज पायांचे सरडे होते, त्याची ही खूण.

डोळ्यांचा विषय याहून खोल जातो. वाळा पूर्ण आंधळा नाही. त्याला उजेड आणि अंधार यांतला फरक कळतो. विजेरीचा झोत पडताच तो डोके मातीत खुपसतो. रंग आणि आकार मात्र त्याला दिसत नाहीत. १९४२ साली गॉर्डन वॉल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने पृष्ठवंशी प्राण्यांच्या डोळ्यांवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात एक धाडसी विचार मांडला. सापांचा डोळा सरड्यांच्या डोळ्यापेक्षा इतका वेगळ्या पद्धतीने चालतो की तो एकदा जवळजवळ मोडून पुन्हा नव्याने उभा राहिला असावा. म्हणजे सगळ्या सापांचे पूर्वज एके काळी जमिनीखाली राहत असावेत, तिथे डोळे खालावले आणि जमिनीवर परत आल्यावर ते पुन्हा सुधारले. या मताच्या लोकांना वाळ्यासारखे साप त्या पूर्वजाचा जिवंत नमुना वाटत.

पुढे जनुके वाचता येऊ लागली आणि चित्र गुंतागुंतीचे झाले. इतर बहुतेक सापांत प्रकाश टिपणाऱ्या रंगद्रव्यांची तीन जनुके सापडतात. वाळा ज्या गटात येतो त्या आंधळ्या सापांत, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, एकच उरले आहे, मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींचे. आता सगळ्या सापांचा पूर्वज वाळ्याइतका आंधळा असता, तर बाकीच्या सापांकडे ही तीन जनुके आली कुठून? एकदा पूर्ण मोडलेले जनुक पुन्हा जसेच्या तसे घडणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे सापांचा मूळ पूर्वज मंद उजेडात वावरणारा असला, थोडाफार बिळात राहणारा असला, तरी वाळ्याची इतकी टोकाची अवस्था नंतरची, त्याच्या स्वतःच्या शाखेत आलेली असे मानणे जास्त सयुक्तिक ठरते. वाळ्याला ‘आदिम’ म्हणून मोकळे होण्याची सवय आपण सोडली पाहिजे. तो आपल्या कामात अतिशय पुढे गेलेला, अत्यंत विशेष झालेला प्राणी आहे.

त्याचे काम म्हणजे मुंग्या आणि वाळवी यांच्या घरात शिरून त्यांची अंडी, अळ्या आणि कोष खाणे. ते वाटते तितके सोपे नाही. आधी वारूळ सापडले पाहिजे. मुंग्या जाता-येता जमिनीवर गंधाची रेघ ओढत जातात, तीच रेघ आंधळे साप जिभेने हुंगत पकडतात. १९६७ साली टेक्सासमध्ये वॅटकिन्स, गेलबाख आणि बाल्ड्रिज यांनी तिथल्या आंधळ्या सापांवर प्रयोग करून दाखवले की ते लष्करी मुंग्यांच्या गंधरेषेवरून अचूक चालत जातात. ऑस्ट्रेलियात वेब आणि शाइन यांनी तिथल्या जातींबाबत हेच पाहिले. त्यांनी संग्रहालयांतल्या नमुन्यांची पोटेही तपासली. काहींच्या पोटात मुंग्यांच्या शेकडो अळ्या आणि कोष होते, तर पुष्कळ पोटे रिकामी होती. म्हणजे हे साप रोज थोडेथोडे खाणारे नव्हेत. वारूळ मिळाले की पोट गच्च भरायचे आणि मग बराच काळ तसेच राहायचे.

वारुळात शिरल्यावर वेळ फार कमी असतो. सैनिक मुंग्या तुटून पडतात. मोठा साप एक उंदीर गिळायला कित्येक मिनिटे घेतो, तेवढा वेळ वाळ्याने घेतला तर तो वारुळातच संपेल. त्याला एकामागून एक शेकडो बारीक घास झपाट्याने आत ओढायचे असतात. ते तो कसे करतो हे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणी नीट पाहिलेच नव्हते. १९९९ साली नेथन क्ले आणि एलिझाबेथ ब्रेनर्ड यांनी टेक्सासच्या आंधळ्या सापाचे खाताना जवळून चित्रीकरण केले आणि ते ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. या सापाला दात फक्त खालच्या जबड्यात असतात. जबड्याचे दोन्ही अर्धे भाग एकाच वेळी आत वळतात, बाहेर येतात, पुन्हा आत वळतात. सेकंदाला तीनहून जास्त वेळा. शेतकरी दाताळ्याने गवत ओढतो, तशी अळी घशाकडे ओढली जाते. इतर कुठल्याही पृष्ठवंशी प्राण्यात असे खाणे कोणाला दिसले नव्हते.

आपल्या वाळ्याचे कुळ वेगळे आहे. त्याच्या खालच्या जबड्यात दातच नाहीत. थोडेसे दात आहेत ते वरच्या जबड्याच्या दोन लहानशा हाडांवर, आणि ती हाडे कवटीला सैल बांधलेली असतात. ती आळीपाळीने फिरतात, आधी डावे, मग उजवे. क्ले यांनी पुढे हेही चित्रित केले. दोन कुळांनी एकाच अडचणीवर दोन उलट उपाय काढले, एकाने खालचा जबडा हलता केला, दुसऱ्याने वरचा. उत्क्रांतीत असे घडते हे आपण पुस्तकात वाचतो, पण इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते.

वाळ्याबद्दल जपानमधून आणखी एक निरीक्षण आले. मिझुनो आणि कोजिमा यांनी २०१५ साली लिहिले की वाळवी खाताना वाळा तिला मागच्या बाजूने पकडतो आणि पुष्कळदा डोके जमिनीवर घासून तोडून टाकतो. उरलेले मऊ शरीर गिळतो. जी डोकी पोटात जातात ती न पचता विष्ठेतून बाहेर पडतात. म्हणजे कठीण डोके त्याच्या पोटाला उपयोगाचे नाही. सापांबद्दल आपण शाळेत शिकतो की साप भक्ष्य सबंध गिळतो, त्याचे तुकडे करत नाही. इथे सर्वांत लहान सापांपैकी एकाने तो नियम मोडला आहे.

मुंग्यांच्या हल्ल्यापासून बचाव कसा होतो? टेक्सासच्या जातीत याचे उत्तर मिळाले आहे. तो साप अंगाची गुंडाळी करून गुदग्रंथींतला स्राव अंगभर फासतो आणि मुंग्या दूर सरतात. त्याच स्रावाने साप खाणारे इतर सापही मागे हटतात, पण आपल्या जातीचे साप मात्र त्या वासाकडे येतात. एक द्रव आणि त्याचे तीन उपयोग.

याच टेक्सासच्या सापाची एक गोष्ट मला फार आवडते. तिथे झाडांच्या ढोलीत राहणारी एक लहान घुबडाची जात आहे. हे घुबड पिलांसाठी भक्ष्य मारून आणते, पण आंधळा साप बहुधा जिवंतच आणून टाकते. पिले काही साप खातात, बाकीचे निसटून ढोलीच्या तळातल्या कचऱ्यात शिरतात आणि तिथे राहू लागतात. त्या कचऱ्यात उरलेल्या मांसावर वाढणाऱ्या किड्यांच्या अळ्या असतात. साप त्या खातात. गेलबाख आणि बाल्ड्रिज यांनी १९८७ साली दाखवून दिले की ज्या घरट्यांत असे जिवंत साप होते, तिथली पिले जास्त वेगाने वाढली आणि कमी मेली. घुबड हे ठरवून करते असे कोणी म्हणत नाही. पण शिकार म्हणून आलेला साप सफाईवाला म्हणून राहतो आणि दोघांचेही चालते.

आता वाळ्याच्या सर्वांत मोठ्या वेगळेपणाकडे येऊ. या जातीत नर नाही. आजवर जगभरातून जमवलेल्या नमुन्यांत खात्रीचा एकही नर सापडलेला नाही. १९७४ साली मॅकडॉवेल यांनी ही शंका मांडली, १९८० साली नुसबाउम यांनी सेशेल्स बेटांवरच्या वाळ्यांचा अभ्यास करून तिला बळ दिले, आणि १९८७ साली विन, कोल आणि गार्डनर यांनी पेशींत डोकावून पाहिले तेव्हा कारणही हाती लागले. आपल्यासारख्या प्राण्यांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला. वाळ्यात तीन संच आहेत, १४ गुणसूत्रांचे तीन म्हणजे एकूण ४२. असे प्राणी बहुधा दोन जवळच्या जातींच्या संकरातून निर्माण होतात. नेहमीच्या पद्धतीने अंडपेशी घडताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. तीन संचांच्या जोड्या लागत नाहीत, एक संच नेहमी उरतो. म्हणून तीन संचांचे प्राणी बहुतेकदा वांझ निघतात, आपल्या बाजारातल्या बिनबियांच्या केळ्यांसारख्या पिकांतही हेच घडते.

वाळ्याच्या मादीने ही अडचण ओलांडली. तिच्या अंड्यांना फलनाची गरज नाही. आईचे तिन्ही संच जसेच्या तसे अंड्यात उतरतात आणि पिलू तयार होते, तेही मादीच. मादी एका वेळी दोन-चार, कधी सात-आठ अंडी घालते. अंडे लांबट असते, साधारण एक सेंटीमीटर लांबीचे. पिलू बाहेर आले की लगेच मातीत शिरते आणि त्याला जोडीदाराची वाट कधीच पाहावी लागत नाही. अजगर, रॅटलस्नेक अशा काही सापांच्या माद्यांनी प्राणिसंग्रहालयात नराशिवाय पिले दिल्याची उदाहरणे आहेत, पण ती अपवादाची. त्या जातींत नर असतात आणि नेहमीचे प्रजनन त्यांच्यामुळेच होते. नराशिवाय संपूर्ण जात चालणे ही गोष्ट सापांमध्ये फक्त वाळ्याची आहे. काही पाली आणि सरड्यांत असे घडते, पण सापांच्या सुमारे चार हजार जातींत याबाबत तो एकटा आहे.

याचा एक परिणाम असा की एकच वाळा कुठेही पोहोचला तर तिथे वस्ती उभी राहू शकते. दुसऱ्या कुठल्याही सापाच्या बाबतीत किमान एक नर आणि एक मादी, किंवा गाभण मादी, त्या ठिकाणी पोहोचली पाहिजे. वाळ्याला कुंडीतली एक मूठ माती पुरते. माणसाने त्याला नेमके हेच वाहन दिले. कलमे, रोपे, नारळाची झाडे, शोभेचे ताड, त्यांच्या मुळांभोवतीची माती, आणि त्या मातीत एक वाळा. जहाजांतून ही झाडे बंदराबंदरांत गेली आणि वाळाही गेला. इंग्रजीत त्याला कुंडीवरूनच नाव पडले.

त्याचे मूळ दक्षिण आशियात असावे असे मानतात, कारण त्याचे जवळचे नातेवाईक भारत आणि श्रीलंकेतच आहेत. आज तो आफ्रिकेत आहे, मादागास्कर, मॉरिशस आणि सेशेल्सवर आहे, आग्नेय आशियाभर आहे, उत्तर ऑस्ट्रेलियात, मेक्सिकोत, कॅरिबियन बेटांवर आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात तो १९७०च्या दशकात सापडला. हवाई बेटांवर १९३० साली होनोलुलूमध्ये त्याची नोंद झाली, आणि आजही त्या बेटांवर पाय रोवलेला जमिनीवरचा साप म्हणजे एकटा वाळाच. युरोपातही काही उबदार बेटांवर तो पोहोचला आहे. जगात सर्वांत दूरवर पसरलेला जमिनीवरचा साप म्हणून आज त्याचेच नाव घेतले जाते. बाहेरून आलेले साप काय नुकसान करू शकतात हे ग्वाम बेटाने पाहिले आहे. तिथे तपकिरी वृक्षसर्पाने जंगलातले बहुतेक पक्षी संपवले. वाळ्याबद्दल अशी तक्रार कुठूनही मोठ्या प्रमाणावर आलेली नाही.

विज्ञानाला त्याची ओळख झाली ती आपल्याच किनाऱ्यावर. पॅट्रिक रसेल हे वैद्य आणि ईस्ट इंडिया कंपनीचे निसर्गअभ्यासक, विशाखापट्टणमला राहून त्यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांची चित्रे आणि वर्णने तयार केली. घोणसीला इंग्रजीत यांचेच नाव आहे. १७९६ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथात हा बारीक सापही आला, तिथल्या तेलुगू लोकांनी सांगितलेल्या नावासह. त्या वर्णनाच्या आधारे १८०३ साली फ्रान्सच्या दोदँ यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले आणि त्याला मांडुळाच्या प्रजातीत बसवले. दोघांची शेपटी बोथट, दोघे मातीतले, त्यामुळे हा घोळ समजण्यासारखा आहे. पण मांडूळ उंदीर आवळून मारणारा जाडजूड साप, वाळ्याशी त्याचे दूरचेच नाते. वाळ्याची प्रजात पुढे दोनशे वर्षांत अनेकदा बदलली. आजचे इंडोटायफ्लॉप्स हे नाव २०१४ सालचे आहे.

आपल्या गटात वाळा एकटा नाही. जगात आंधळ्या सापांच्या साडेचारशेहून जास्त जाती आणि पाच कुळे आहेत. त्यांतला सर्वांत लहान बार्बाडोस बेटावरचा, पूर्ण वाढ झाल्यावर जेमतेम १० सेंटीमीटरचा. ब्लेअर हेजेस यांनी २००८ साली त्याचे वर्णन केले आणि त्याला पत्नीचे नाव दिले. सर्वांत मोठा आफ्रिकेतला, जवळजवळ मीटरभर लांबीचा. ब्राझीलमध्ये डायनोसॉरच्या काळातल्या खडकांत एका आंधळ्या सापाचे जीवाश्म सापडले, २०२० साली त्याचे वर्णन आले, आणि तोही मीटरहून लांब होता. म्हणजे या गटाचा बारीकपणा सुरुवातीपासूनचा नसावा. २०१० साली निकोला विदाल आणि हेजेस यांच्या गटाने या सापांच्या डीएनएवरून वंशवृक्ष काढला. त्यातून असे दिसले की यांच्या जुन्या शाखा गोंडवन या महाखंडावर निर्माण झाल्या आणि ते फुटत गेले तशा वेगळ्या झाल्या. भारत आणि मादागास्कर एकत्र असतानाच्या काळाचा ठसा त्यांच्यात आहे. फुटलेल्या खंडांबरोबर या जुन्या शाखा वाहत गेल्या, पोहून नव्हे, मातीत बसून.

आपल्या दख्खनवर याच गटातला एक मोठा साप राहतो, चोचीचा वाळा. त्याचे नाकाड पोपटाच्या चोचीसारखे खाली वळलेले आणि टोकदार असते. लांबी ६० सेंटीमीटरपर्यंत जाते, भारतातल्या आंधळ्या सापांत तो सर्वांत लांब. भारतीय द्वीपकल्पाबाहेर तो सापडत नाही. नांगरताना किंवा पाया खणताना तो कधी वर येतो आणि मांडूळ समजला जातो, मांडुळाच्या मागे लागलेल्यांच्या तावडीतही सापडतो. लहान वाळा जगभर फिरला आणि हा आपली माती सोडून कुठेच गेला नाही. दोघांचे भाग्य इतके वेगळे का, याचे एक साधे कारण नर-मादीच्या गरजेत असावे.

वाळ्याचे शत्रू कमी नाहीत. भेक, कोंबड्या, चिचुंद्री, गोम आणि मण्यार त्याला खातात. मण्यारीच्या पिलांचे तर तो आवडते खाद्य आहे. इथे सावध राहायला हवे. जिथे वाळे भरपूर असतात तिथे मण्यार येऊ शकते. शिवाय ओळखण्यात होणारी चूक उलट बाजूनेही होते. मण्यारीचे नुकते जन्मलेले पिलू बारीक आणि काळे असते, पण त्याच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात आणि डोळे स्पष्ट दिसतात. पोवळा हा विषारी साप वाळ्यासारखाच बारीक असतो, रंगाने फिकट तपकिरी, डोके काळे. काळतोंड्याही तसाच दिसतो, तो बिनविषारी. सह्याद्रीत खापरखवल्या आणि देवगांडूळ यांचाही वाळ्याशी घोटाळा होतो. देवगांडूळ साप नाहीच, तो बेडकांच्या नात्यातला उभयचर. वाळ्याची खूण एकच पक्की धरावी. अंग टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीचे आणि चकचकीत, मानेचा पत्ता नाही, डोळे फक्त दोन ठिपके. मान दिसली, पट्टे दिसले, डोळे उठून दिसले तर हात लावू नये.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की जमिनीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, आत हवा राहत नाही, आणि वाळे वर येतात. तळमजल्यावरच्या घरांत, मोरीत, ओट्याखाली ते दिसू लागतात. तेव्हा फिनेल किंवा रॉकेल ओतू नका, मीठही टाकू नका. वरच्या खुणा पटत असतील तर एखादा पुठ्ठा किंवा कागद त्याच्या खाली सरकवा, त्याला उचला आणि बाहेर झाडाच्या बुंध्याशी किंवा कुंडीतल्या ओल्या मातीवर सोडा. तो काही क्षणांत आत शिरेल. ओळख पटत नसेल तर त्याच्यावर बादली पालथी घाला आणि जवळच्या सर्पमित्राला बोलवा. आणि नर्सरीतून नवे रोप आणल्यावर कुंडीत तो दिसला तर रोप परत करण्याची काही गरज नाही.